बडोद्याहून तळाजा, उना, दीव, तालाला: शेतं, लेणी आणि समुद्र नीट बघायचे तर

या सहलीची आखणी हॉटेलच्या बुकिंगपासून सुरू करू नये. आधी महिना ठरवायचा, मग दिनदर्शिकेत तिथी बघायची, आणि मगच खोल्यांसाठी फोन लावायचा. सौराष्ट्रातल्या तळाजापासून तालालापर्यंतच्या पट्ट्यात जे बघण्यासारखं आहे ते सगळं वेळेला बांधलेलं आहे. आंबा उन्हाळ्याचा, गूळ थंडीचा, समुद्र भरती-ओहोटीचा. वेळ चुकली तर चारशे किलोमीटर जाऊन रिकामं शेत आणि गढूळ पाणी बघून यावं लागतं.

बडोद्याहून निघणारे बरेच जण सोमनाथ, सासण आणि दीव ही तीन ठिकाणं उरकून परततात आणि मधला मुलूख गाडीच्या काचेतून बघतात. इथे तो मधला मुलूखच घेतला आहे. आपल्याला तो परका नाही. १९४९ साली बडोदं संस्थान विलीन झालं तोपर्यंत कोडिनार हा गायकवाडी राज्याच्या अमरेली प्रांतातला महाल होता. घरात कुणी वयस्कर माणूस असेल तर निघण्यापूर्वी त्याला अमरेली-कोडिनारबद्दल नक्की विचारा.

महिना आणि तिथी

सगळ्यात सोयीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरअखेरीस आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला भुईमूग निघतो. उपटलेले वेल शेंगांसकट शेतात वाळत पडलेले असतात आणि गावभर ओल्या मातीचा वास असतो. काठियावाडात भुईमुगाला मांडवी म्हणतात, त्यामुळे ‘मांडवी काढे छे’ असं कानावर आलं की ते चार दरवाजातल्या आपल्या मांडवीबद्दल नाही. डिसेंबर ते मार्च ऊस आणि गुऱ्हाळं. एप्रिलअखेरपासून पहिला पाऊस पडेपर्यंत केसर आंबा. आंब्यासाठी मे महिन्यात जाणार असाल तर लेणी सकाळी नऊच्या आत उरकावी लागतात, नंतर दगड तापतो. जून ते सप्टेंबर डोळ्यांना हिरवंगार दिसतं, पण समुद्र खवळलेला असतो, कातळातल्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि सासणची जंगल सफारी १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असते. दिवाळीचा आठवडा आणि ३१ डिसेंबर हे दिवस दीवसाठी टाळाच. निम्मा गुजरात त्याच किनाऱ्यावर असतो.

आता तिथी. अमावास्या आणि पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती असते, पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार कमी आणि पाण्याची ओढही त्या मानाने कमी. लहान मुलं बरोबर असतील तर समुद्राचे दिवस सप्तमी ते दशमीच्या दरम्यान येतील असं बघा. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून आज जी भरती सकाळी दहाला आली ती उद्या दहा पन्नासच्या आसपास येणार. पहिल्या दिवशी कोळ्यांना किंवा खारव्यांना एकदा विचारलं की पुढच्या दिवसांचं गणित आपलं आपल्याला करता येतं: ‘काका, आजे भरती केटला वागे?’ ओहोटीला गुजरातीत ओट म्हणतात.

सगळा किनारा एकसारखा नाही, हे आधीच डोक्यात ठेवा. खंभातचं आखात तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं आहे. बाहेरून आलेलं पाणी त्या निमुळत्या जागेत कोंडून वर चढतं, त्यामुळे भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. दीवला तोच फरक दोन मीटरच्या आसपास असतो. म्हणून भावनगरजवळच्या घोग्याचं पाणी मातकट, खाली गाळ आणि प्रवाह वेगवान. तिथे आणि गोपनाथला समुद्र काठावरूनच बघायचा, पाण्यात उतरायचं नाही. महुवा ओलांडून उन्याकडे सरकावं तसं पाणी निवळत जातं आणि वाळू लागते.

रस्ता

वासद, बोरसद, तारापूर, वटामण, पीपळी, धोलेरा करत भावनगर साधारण २०० किलोमीटर. पुढे तळाजा ५० ते ५५, तिथून महुवा ४५, महुव्यापासून उना ९० च्या आसपास आणि उन्यापासून दीव १५. भावनगरपासून उन्यापर्यंतचा सगळा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५१, जो किनारा धरून कोडिनार, सोमनाथवरून थेट द्वारकेपर्यंत जातो. पादऱ्यावरून गंभीरा पुलाने जायची जुनी सवय अनेकांना आहे. तो पूल ९ जुलै २०२५ रोजी कोसळला. तिथली वाहतूक पुन्हा सुरू झाल्याची खात्री झाल्याशिवाय गाडी वासदवरूनच काढा, ड्रायव्हर ठरवला असेल तर त्यालाही आदल्या दिवशी सांगून ठेवा.

पहाटे चारला निघालात तर सकाळी नऊच्या सुमारास तळाज्याला पोचता. मधे भावनगरला गाठिया, पपईचा संभारो आणि तळलेली मिरची एवढं पुरे. भरपेट खाऊन टेकडी चढू नये. वटामण ते भावनगर हा रस्ता सपाट, सरळ आणि झोप आणणारा आहे. पहाटे धुकं असेल तर थांबा, पण भररस्त्यात किंवा कडेला नाही, पंपावर.

बसने जायचं तर उना आणि दीवसाठी रात्रीच्या गाड्या मिळतात. त्या पहाटे सोडतात, म्हणून खोली आदल्या रात्रीपासून घ्या किंवा लवकर मिळेल का ते विचारून ठेवा. उन्याला उतरल्यावर लेणी आणि शेतं बघायला दिवसभराची गाडी ठरवा. सुटी रिक्षा जाताना मिळते, आडगावाहून परतताना मिळत नाही, आणि तीन वाजता रिकाम्या फाट्यावर उभं राहायची वेळ येते. हजिरा-घोघा फेरी सुरतकरांच्या सोयीची. बडोद्याहून आधी हजिऱ्यापर्यंत खाली जायचं आणि मग समुद्र ओलांडायचा, यात काही वाचत नाही.

तळाजा

गावाच्या मधोमध टेकडी आहे. वर जैन देरासरं, अंगावर बौद्ध लेणी, आणि खालच्या गावात नरसिंह मेहतांचा जन्म झाला अशी परंपरा. वरचं तीर्थ अजून पूर्ण जागतं आहे, त्यामुळे खाऊ गाडीतच ठेवा.

लेणी तिसाच्या आसपास आहेत, त्यांतली बरीचशी पाण्याची टाकी. कार्ले किंवा अजिंठा मनात धरून गेलात तर दहा मिनिटांत ‘काही नाही इथे’ म्हणून परताल. मूर्ती, रंग, कोरीव खांब असलं इथे शोधू नका. बघायचं ते काम: भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या, दगडातच सोडलेले बसायचे-निजायचे ओटे, आणि डोंगरावर पडणारं पावसाचं पाणी अडवून टाक्यात सोडायची सोय. एभल मंडप हे सगळ्यात मोठं दालन. आत एकही खांब नाही, समोर दर्शनी भागात वर कमानींची आणि कठड्याची नक्षी. तिथे मुलांना एका टोकाला उभं करून हळू बोलायला सांगा, म्हणजे त्या रिकाम्या दालनाचा आवाका कळतो.

भिंती बघायची एक साधी पद्धत आहे. मोबाईलचा फ्लॅश समोरून मारला तर सगळं सपाट, करडं दिसतं. त्याऐवजी टॉर्च लावून फोन भिंतीला जवळजवळ चिकटवा, उजेड भिंतीवरून आडवा, घासत जाऊ द्या. लगेच छिन्नीचे घाव उठून दिसतात, एकाखाली एक, तिरके. काही ठिकाणी घावांची दिशा मधेच बदललेली सापडते.

चुकतं ते असं: लोक चपलेवर चढतात, उघड्या टाक्याच्या काठावर फोटोला उभे राहतात, आणि थंडाव्यासाठी अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून बसतात. टाक्याचा काठ निसरडा असतो आणि आतलं पाणी किती खोल ते वरून कळत नाही. सौराष्ट्राच्या खडकाळ भागात फुरसं भरपूर. ते लहान असतं, मातीच्या रंगाचं असतं, आणि पाय पडेपर्यंत हलत नाही. कपारीत हात घालायचा नाही, बसण्याआधी जागा उजेडात बघायची. छताला आग्यामोहोळ लटकलेलं दिसलं तर तिथून आवाज न करता मागे फिरा. अत्तर, धूर, फटाके, खडे, यांतलं काहीही त्यांना उठवायला पुरतं.

साणा

तळाजा वाटेत लागतं, साण्याला मुद्दाम जावं लागतं. वांकिया गावाजवळ, रूपेण नदीच्या काठी टेकडीवर साठेक लेण्यांचा हा समूह आहे. आमच्या मते या सगळ्या सहलीतली ही सर्वांत सुंदर जागा, आणि सर्वांत कमी सोयीची. दुकान नाही, सावली फक्त लेण्यांचीच, आत दिवे नाहीत. उन्याहून जायला तासभर धरा, कारण शेवटचा टप्पा शेतांतून आहे आणि वळणावर नकाशा कधी कधी कुणाच्या तरी वाडीत नेऊन सोडतो. नकाशावर विसंबण्यापेक्षा दर फाट्यावर ‘साणा डुंगर’ विचारावा.

सकाळी सातला खाली, दहाला परत, असा हिशेब ठेवा. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, बूट, टॉर्च. खाली मोठं दालन आहे, त्यालाही एभल मंडपच म्हणतात. ते बघून लोक परततात, तसं करू नका. वर चढत जावं तशी लेणी मजल्यामजल्याने लागतात, कातळातल्या पायऱ्यांनी एकमेकांना जोडलेली. स्तूप असलेलं चैत्यगृह शोधा, आणि ज्या खोल्यांत दगडाची उशी कोरलेली आहे त्या बघा. उशी म्हणजे ओट्याचा डोक्याकडचा भाग बोटभर उंच ठेवलेला. तिच्यावर हात ठेवून बघावा, कोपरे झिजून गोल झालेत.

पायऱ्या झिजलेल्या आहेत, चढताना त्रास देत नाहीत, उतरताना देतात. उतरताना तोंड कातळाकडे करून, एका वेळी एक माणूस. गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या दोन ओळी बघून थांबावं, तेवढ्यातही बरंच काही आहे. वटवाघळांचा वास उग्र येतो, दमा असेल त्यांनी मास्क ठेवावा.

दीवचा समुद्र

दीवमध्ये शिरण्यापूर्वी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना स्पष्ट सांगा. तिथे दारूबंदी नाही, गुजरातमध्ये आहे. परतताना नाक्यावर गाड्या तपासतात. गाडीत कुणाच्या तरी सामानात एक बाटली निघाली तरी गुन्हा दाखल होतो आणि गाडी अडकते. भाड्याची गाडी असेल तर निघताना डिकी स्वतः उघडून बघा.

पोहायला घोघला. ते बेटावर नाही, पुलाच्या अलीकडे आहे. लांब सपाट वाळू, उतार हळू, आणि २०२० साली ब्लू फ्लॅग मिळालेला किनारा असल्याने कपडे बदलायची, अंग धुवायची सोय बरी. नागोआ बेटावर, अर्धगोल, आणि काठाला होका नावाची झाडं. ताडाच्याच जातीची, पण खोडाला फांद्या फुटलेली. नागोआवर दुपारी पॅरासेलिंग आणि वॉटर स्कूटरची गर्दी उसळते, म्हणून तिथे सकाळी आठच्या आत जावं. जालंधर आणि चक्रतीर्थ दिसायला देखणे आहेत, पण खडक आहेत, तिथे फक्त संध्याकाळी बसायचं. दीव बडोद्याच्या दोन अंशांहून थोडं जास्तच पश्चिमेला असल्यामुळे सूर्य तिथे साधारण नऊ मिनिटं उशिरा मावळतो. घरच्या सवयीने उठून जाऊ नका.

लाटांवर फळी घेऊन खेळायचं असेल तर सकाळ निवडावी. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी विसकटतं. मोठ्या लाटा पावसाळ्यात येतात, पण तेव्हा समुद्रात उतरणं जिवावरचं असतं. ऑक्टोबर आणि मार्च-एप्रिलमध्ये कमरेएवढ्या, खेळता येण्याजोग्या लाटा मिळतात. फळी पोटाखाली घेऊन, फेसाच्या पुढे, किनाऱ्याकडे तोंड करून. फळीला दोरी हवीच. सुटलेली फळी मागच्या माणसाच्या तोंडावर जाते.

बुडण्याचे अपघात होतात ते पोहता न येणाऱ्यांचेच असं नाही. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या दांड्यात जिथे खाच असते तिथून जोराने बाहेर ओढतं. त्या पट्ट्यात पाणी खोल असल्यामुळे लाटा फुटत नाहीत. आजूबाजूला पांढरा फेस आणि मधेच एक शांत, गडद पट्टा. सहलीला आलेली माणसं ‘इथे लाटा कमी आहेत’ म्हणून मुलांना घेऊन नेमकी तिथेच उतरतात. म्हणून कपडे बदलण्याआधी दहा मिनिटं उंचावर उभं राहून पाणी बघा. फेस किंवा गढूळपणा कुठे बाहेरच्या दिशेने वाहतोय का? लाटा कुठे सलग, एका ओळीत फुटतायत? सलग फुटतात तिथे उतरा. मोठ्यांनी कमरेपर्यंत, मुलं हाताच्या अंतरावर. ओहोटी लागली की ओढ वाढते, तेव्हा बाहेर या.

ओढलं गेलंच तर किनाऱ्याकडे पोहायचा हट्ट करायचा नाही. माणूस दमतो तो त्यातच. पाठीवर तरंगा, एक हात वर करा, श्वास सांभाळा. लाटा फुटतात ती रेषा ओलांडल्यावर ओढ मंदावते. मग किनाऱ्याला समांतर वीस-तीस मीटर पोहा आणि जिथे लाटा फुटतायत तिथून त्यांच्याबरोबर आत या. बघणाऱ्याने उडी मारू नये, नाहीतर एकाचे दोन होतात. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन आणि पंधरा मीटर दोरी गाडीतून काठापर्यंत बरोबर न्या. बुडणाऱ्याला धरायला तो कॅन पुरतो. सोमनाथच्या मंदिरासमोरच्या किनाऱ्यावर मात्र यातलं काहीही आजमावू नका. तिथे ओढ जबर आहे, पाय ओले करण्यापुरतंसुद्धा जपून. सोमनाथला गेलात तर अहिल्याबाई होळकरांनी १७८३ साली बांधलेलं जुनं मंदिर मोठ्या मंदिराच्या जवळच आहे. गर्दी त्याला वळसा घालून जाते, आपण जाऊ नये.

दीवमध्ये एक गुहाही आहे, आणि सकाळच्या नियमाला अपवाद तीच. गावाच्या तटाबाहेर नायडा गुहा. ही लेणी नाहीत. पोर्तुगीजांनी बांधकामासाठी मऊ दगड कापून नेला आणि मागे हे बोगदे राहिले असं मानतात. छताला ठिकठिकाणी भोकं आहेत. अकरा ते एकच्या दरम्यान ऊन त्यांतून सरळ खाली पडतं आणि कापलेल्या दगडाचे चौकोनी टप्पे पिवळे उजळतात. सकाळी नऊला तीच जागा नुसती काळोखी. दगड हाताने भुगा होईल इतका मऊ आहे, त्यावर चढू नका, भिंतीवर नावं कोरू नका. नुकता पाऊस झाला असेल तर आत जाऊच नका.

फुदमचं गंगेश्वर तिथीवर अवलंबून. कपारीत पाच शिवलिंगं आहेत आणि भरतीचं पाणी त्यांना न्हाऊ घालतं. पूर्ण ओहोटीला पाणी दूर असतं, पूर्ण उधाणाला जवळ जाता येत नाही. पाणी चढू लागल्यावर मधल्या वेळी गेलात तर लाट येते, लिंगांवरून जाते आणि परत फिरते, हे शांतपणे बघता येतं. शेवटच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, अनवाणी आणि कठडा धरून उतरा.

गुऱ्हाळ आणि वाडी

उन्याहून कोडिनारकडे आणि पुढे तालालाकडे वळलं की थंडीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धूर दिसतो. गुऱ्हाळाला इथे राबडो म्हणतात. सकाळी आठ-नऊला गेलात तर एक आधण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायला मिळतं. काम करणाऱ्यांना आधी विचारा: ‘भाई, जरा जोईए?’ नाही कुणी म्हणत नाही, पण न विचारता काहिलीजवळ जाणं चुकीचं. ऊस चरकातून निघतो, रस गाळून काहिलीत पडतो, खाली चिपाडाचा जाळ. रस तापला की करडी मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहतात. मळी नीट निघावी म्हणून भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालायची जुनी रीत आहे. मग रस घट्ट होतो, बुडबुडे लहानाचे मोठे आणि जाड होतात, फुटताना ‘फस्स’ असा दमदार आवाज येतो. गुळव्या त्यातला थेंब पाण्यात टाकून बोटांनी वळतो. गोळी झाली की काहील उतरवायची. त्या क्षणी सगळे धावत असतात. मुलांना किमान चार पावलं लांब ठेवा, उकळत्या गुळाचा थेंब कातडीला चिकटतो आणि पुसताही येत नाही.

गूळ घेताना रंगाला भुलू नका. सोनेरी पिवळा, चकचकीत गूळ म्हणजे बहुधा हायड्रोस हे रसायन घालून उजळलेला. गडद तांबूस, थोडा मऊ घ्यावा, आणि गोडीनंतर किंचित खारट लागत नाही ना, ते जिभेवर बघावं. काकवी मिळाली तर काचेच्या बरणीत घ्या आणि बरणी काठोकाठ भरू नका. पोळीबरोबर बडोद्यात ती आठवडाभरही टिकत नाही, इतकी चटकन संपते.

वाडीत जाण्याचे नियम थोडे, पण कडक. वाफ्यांच्या बांधावरूनच चालायचं. ठिबकच्या काळ्या नळीवर पाय द्यायचा नाही. तारेच्या कुंपणाला हात लावायचा नाही, कारण रानडुकरं आणि नीलगायींसाठी त्यावर झटका मशीन असतं. आणि विहिरी. या भागातल्या कित्येक जुन्या विहिरी जमिनीच्या पातळीला उघड्या होत्या, सिंहसुद्धा त्यांत पडत, म्हणून बऱ्याच विहिरींना कठडे बांधले गेले. तरी प्रत्येक विहिरीला कठडा असेल असं धरू नका. गवत माजलेलं असताना मुलांना वाडीत मोकळं सोडू नका.

सिंहांबद्दल एक शब्द लक्षात ठेवा. गीरमध्ये सिंहाला सावज म्हणतात. आपल्याकडे सावज म्हणजे शिकार, इथे शिकारी. ‘आ बाजु सावज छे’ असं कुणी सांगितलं की तिथेच थांबायचं आणि सांगणाऱ्याचं ऐकायचं. २०२५ च्या गणनेत सिंहांची संख्या ८९१ निघाली. ते अभयारण्याच्या हद्दीबाहेर उसात, आमराईत, महसुली जमिनीवरही फिरतात, आणि बिबटे तर सर्वत्र. अंधार पडल्यावर शेतरस्त्याने पायी फिरणं नाही, शौचालय खोलीला लागून असलेलीच जागा राहायला घ्यायची. रात्री गुपचूप सिंह दाखवतो म्हणणारे भेटतात. तो गुन्हा आहे, आणि आमिष लावून बोलावलेल्या जनावराला त्याचा फार त्रास होतो. सफारीचा परवाना वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधीच काढा. मिळाला नाही तर देवळियाचं कुंपणातलं सफारी उद्यान आहे. जामवाळ्याचा जमजीर धबधबा लांबून बघा, त्याच्या डोहात उतरू नका.

फार्महाऊस ठरवताना फोनवर विचारा: रस्ता पक्का आहे का, रात्री वीज गेली तर काय, जेवण किती वाजेपर्यंत सांगावं लागेल. रोटला, ओळो (वांग्याचं भरीत), लसणाची चटणी आणि छास चुलीवर हवी असेल तर संध्याकाळी पाचच्या आत सांगावं लागतं. आठला सांगितलं तर पनीरची भाजी येते.

केसर आंबा घरी नेताना

‘केसर’ हे नाव १९३४ साली जुनागढच्या नवाबांनी दिलं, आणि २०११ मध्ये ‘गीर केसर’ला भौगोलिक मानांकन मिळालं. तालाल्याच्या यार्डात किंवा थेट आमराईत घ्या. पेटी दहा किलोची म्हणून विकतात, ती खोक्यासकट की आंब्यांचं वजन, हे पैसे देण्याआधी विचारा.

केसर पिकला तरी बराचसा हिरवट राहतो. सगळी पेटी एकसारखी पिवळीधमक असेल आणि वास येत नसेल तर ती घेऊ नका. कार्बाइडवर बंदी आहे तरी घाई करणारे असतात. पक्व आंब्याचे खांदे देठाच्या वर भरलेले असतात आणि देठाजवळ नाक नेलं की वास येतो. शंका असेल तर बादलीत टाका. कोवळा तरंगतो, तयार बुडतो. घट्ट, हिरवेच घ्या, कारण तालाल्याहून बडोदं चारशे किलोमीटरच्या वर आहे. पेटी बंद डिकीत ठेवू नका, मागच्या सीटखाली ठेवा, आणि उन्हात गाडी उभी करायची वेळ आली तर काचा फटीएवढ्या उघड्या असू द्या. देठाचा चीक सालीला लागला तर तिथे काळा डाग पडून आंबा तिथूनच सडतो, म्हणून घरी आल्या आल्या आंबे पुसून घ्यावेत.

अढी लावायला भाताचा पेंढा किंवा कोरडं गवत, नसेल तर वर्तमानपत्र. एक थर पेंढा, एक थर आंबे, देठ खाली, एकमेकांना न टेकता, तीन थरांहून जास्त नाही. फ्रिजमध्ये कच्चा आंबा ठेवला की तो पिकायचा थांबतो आणि आंबटच राहतो. चौथ्या दिवशी अढी उघडा, मऊ झालेले वेगळे काढा, डागाळलेले लगेच चिरून वापरा, बाकीचे पुन्हा झाका. मग रोज सकाळी एकदा बघायचं, पाचव्या ते सातव्या दिवसात सगळी पेटी उतरते.